लाल कोटाखाली पांढरी विजार? थांबा! अठराव्या शतकातले मिनिएचर शिपाई रंगवायची सविस्तर पद्धत

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत सिडकोतला एक पोरगा मिठाईच्या डब्यात कापूस घालून बारा शिपाई घेऊन आला. २८ मिमी उंचीचे, ब्रिटिश पायदळ, १७५९ ची मिंडेनची लढाई (सात वर्षांच्या युद्धातली, जर्मनीतली). हात इतका स्वच्छ की मला हेवाच वाटला, पण बाराच्या बारा जणांच्या विजारी पांढऱ्याशुभ्र. १७५९ मध्ये त्या लाल होत्या हो. पांढऱ्या आल्या ब्रिटिश लष्कराच्या पोशाखाबद्दलच्या १७६८ च्या हुकुमानंतर. पोराचं तोंड एवढंसं झालं. मग पुढचे दोन रविवार आम्ही दोघं बसून बारा विजारी परत रंगवत होतो.

ही एकच चूक मी इतक्यांदा बघितलीये की आता सगळं एकदाच लिहून काढतोय. ब्रश कसा चालवायचा याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते बघा. पण युनिफॉर्म चुकतो तो ब्रश हातात घ्यायच्या आधी, म्हणून या लेखात तयारीच जास्त आहे, कंटाळू नका.

टप्पा १: आधी चिठ्ठी, मग रंग

एक रेजिमेंट, एक वर्ष, एक हुद्दा. हे तिन्ही ठरल्याशिवाय डबा उघडायचा नाही. "अठराव्या शतकातला रेडकोट" (म्हणजे लाल कोटवाला ब्रिटिश शिपाई) असं काही नसतं, १७५१ चा असतो, १७६८ नंतरचा असतो. वहीचं पान फाडा आणि वरून खाली लिहा. त्या पोराची चिठ्ठी आम्ही अशी केली:

रेजिमेंट आणि हुद्दा: १२ वी, साधा शिपाई
वर्ष: १७५९
कोट: विटकरी लाल
लॅपल, कफ, टर्नबॅक: पिवळे
वेस्टकोट: लाल
विजार: लाल
गेटर (बुटावरून गुडघ्यावर येणारं कापडी आवरण): मोहिमेवर तपकिरी किंवा करडे (परेडला पांढरे)
टोपी: काळी तिकोनी, कडेला पांढरी लेस, काळं कॉकेड (रिबनचं फूल)
बटणं: प्यूटरची, म्हणजे रुपेरी
पट्टे: बफ, म्हणजे साबराच्या कातड्याचा पिवळट रंग
बंदूक: अक्रोडाचा दस्ता, चकचकीत नळी, पितळी फिटिंग

लॅपल म्हणजे कोटाच्या छातीवरचे बाहेर दुमडलेले काठ. लॅपल आणि कफचा जो रेजिमेंटप्रमाणे बदलणारा रंग, त्याला फेसिंग म्हणतात. टर्नबॅक म्हणजे कोटाच्या घेराची टोकं मागे दुमडून अडकवलेली असतात ना, तिथे जे अस्तर दिसतं ते. हे नवीन माणूस हमखास विसरतो आणि लालच ठेवून देतो.

आता त्याच शिपायाला १७६८ नंतरचा करायचा असेल तर काय काय बदलतं बघा. वेस्टकोट आणि विजार पांढरी, अस्तर पांढरं म्हणजे टर्नबॅकही पांढरे, आणि ज्या रेजिमेंटचं फेसिंग बफ आहे तिथे या सगळ्या गोष्टी बफ. लॅपलची रुंदी तीन इंच ठरवून दिली, म्हणजे आपल्या २८ मिमीच्या शिपायावर साधारण दीड मिलिमीटर. ग्रेनेडियरच्या (रेजिमेंटमधल्या निवडक धिप्पाड शिपायाच्या) डोक्यावरची कापडी उंच टोपी जाऊन काळ्या अस्वली केसांची टोपी आली. ऑफिसरचा किरमिजी सॅश (कापडी पट्टा) खांद्यावरून कमरेला आला. नऊ वर्षांत एवढा फरक, म्हणून वर्ष वर्ष करतोय मी.

रॉयल किताब मिळालेल्या रेजिमेंटचं वेगळं. त्यांचं फेसिंग निळं आणि १७६८ च्या आधी विजारही निळी. मिंडेनला ब्रिटिश पायदळाच्या सहा रेजिमेंट होत्या, १२, २०, २३, २५, ३७ आणि ५१. त्यातल्या चौघींचं फेसिंग पिवळं (२० वीचं जरा फिकट), ५१ वीचं हिरवं, आणि २३ वी रॉयल वेल्श म्हणून निळं. शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या माणसांच्या विजारीचे रंग वेगळे! आणि ४२ वी हायलँड (स्कॉटिश) घेतलीत तर अजून एक गंमत, तिला १७५८ मध्ये रॉयल किताब मिळाला आणि फेसिंग बफचं निळं झालं. म्हणजे नुसता नंबर माहिती असून भागत नाही.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. सात वर्षांच्या युद्धातला फ्रेंच शिपाई निळा नाही, मळकट पांढरा, निळा राष्ट्रीय कोट क्रांतीनंतरचा. फ्रेंचांच्याच नोकरीतले स्विस मात्र लाल. ऑस्ट्रियन पांढरे. प्रशियन गडद निळे आणि अस्तर लाल. रशियन हिरवे, कफ लाल, आतला वेस्टकोट आणि विजारही लाल. ब्रिटिश रॉयल आर्टिलरी लाल नाही, निळा कोट आणि लाल फेसिंग, तोफखाना आहे म्हणून मुद्दाम सांगतो, लष्करी तोफखान्याच्या देवळालीच्या गावात राहून ही चूक केली तर बरं दिसत नाही.

पानिपत किंवा वडगाव करायचंय असंही बरेच जण विचारतात. पद्धत हीच, फक्त तिथे उलटी चूक होते. मराठा घोडदळाला युनिफॉर्म नव्हता, ज्याचे त्याचे कपडे असायचे, आणि लोक पन्नासच्या पन्नास स्वार एकाच भगव्यात बुडवतात.

थांबा: सिनेमा, मोबाइल गेम आणि खोक्यावरचं चित्र बघून चिठ्ठी भरू नका. लढाईनंतर शंभर वर्षांनी काढलेली भव्य पेंटिंग्ज पण नकोत. ब्रिटिशांसाठी डेव्हिड मोरिए या चित्रकाराने १७५१ च्या सुमारास एकेका रेजिमेंटचे ग्रेनेडियर रंगवलेत, ती चित्रं ब्रिटनच्या रॉयल कलेक्शनमध्ये आहेत आणि त्यांचे फोटो सहज मिळतात. त्याच काळातला पुरावा आहे तो. लाल विजार तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

टप्पा २: सामान

ब्रश तीन पुरेत, २ नंबर, १ नंबर आणि ० नंबर, टोक चांगलं असलेले. तीन शून्यवाला केसाएवढा ब्रश घेऊ नका, त्याच्यात रंग टिकतच नाही, शिपायापर्यंत पोहोचेपर्यंत वाळतो. बारीक काम टोकावर अवलंबून असतं, जाडीवर नाही.

रंग अॅक्रेलिक. बाहेरून मागवलेले मिनिएचरचे रंग छानच असतात पण महाग पडतात, सुरुवात आपल्या स्टेशनरीत मिळणाऱ्या आर्टिस्ट अॅक्रेलिकच्या ट्यूबवर होते. व्हर्मिलियन, क्रिमसन, बर्न्ट सायना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, लेमन यलो, प्रशियन ब्लू, काळा, पांढरा. एवढ्यात अख्खं युरोप रंगवून होतं. शिवाय रुपेरी आणि पितळी.

वेट पॅलेट घरीच करा. मिठाईचा चपटा प्लास्टिक डबा, तळाला ओला किचन टिश्यू तीन-चार घड्या, त्यावर बटर पेपर. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला. एप्रिल-मे मध्ये नाशकातल्या कोरड्या उन्हात याच्याशिवाय काम करूच नका, पंखा पाच वर ठेवून बसलात तर रंग ब्रशवरच वाळतो आणि मग लोक म्हणतात रंग खराब आहे.

शिपाई हातात धरून रंगवायचा नाही. औषधाच्या बाटल्यांची झाकणं जमवा, डबल टेपने त्यावर शिपाई चिकटवा.

दिवा पांढरा हवा. पिवळ्या बल्बखाली बफ, पांढरा आणि फिकट पिवळा हे तिन्ही सारखेच दिसतात, सकाळी बाल्कनीत नेलं की कळतं काय झालंय ते.

टप्पा ३: साफसफाई

साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची, म्हणजे मोल्डची रेघ असते, डोक्यावरून खांद्यावरून खाली येणारी. ती बारीक कानसने किंवा कटरच्या पात्याने काढा. आत्ता दिसत नाही, रंग चढला की तीच आधी दिसते. धातूचे शिपाई, त्यात जुने असतील तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून कानस ओली करून घासा, पूड उडू देऊ नका, नंतर हात साबणाने धुवा. आणि ब्रशचं टोक जिभेने करायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

मग भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन रात्रभर वाळवा. संगीन हलत असेल तर आत्ताच फेविक्विक लावा, रंगवून झाल्यावर नाही.

टप्पा ४: प्रायमर

लाल आणि पिवळ्याला झाकायची ताकद कमी असते, त्यामुळे ब्रिटिशांसाठी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, करडा. काळ्यावर पिवळं फेसिंग चढवायला पाच हात लागतात आणि तोपर्यंत बटणं बुजून गेलेली असतात.

स्प्रे असेल तर वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, हात हलता ठेवून, दोन हलके हात. गाड्यांच्या पेंटच्या दुकानातला करडा प्रायमर धातूला चालतो, प्लॅस्टिकवर मात्र आधी शिपाई ज्या फ्रेमला जोडून येतात तिच्या टाकाऊ तुकड्यावर मारून बघा, काही स्प्रेमधलं सॉल्व्हंट प्लॅस्टिक विरघळवतं.

थांबा: जून ते सप्टेंबर स्प्रे नको. हवेतल्या ओलीमुळे थर खरबरीत नाहीतर पांढुरका होतो. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, वेळ लागतो, लागू दे.

तपासा: शिपाई उलटा धरून खालून बघा. हनुवटीखाली, काखेत, कोटाच्या घेराच्या आत धातू चमकतोय का?

टप्पा ५: आतून बाहेर

क्रम असा: चेहरा आणि हात, वेस्टकोट, विजार, गेटर, कोट, मग फेसिंग, मग पट्टे, पिशव्या, टोपी, बंदूक, शेवटी लेस आणि बटणं. अंगावर कपडे ज्या क्रमाने चढतात तोच क्रम. म्हणजे आतला रंग बाहेर सांडला तरी पुढचा थर तो झाकतो.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, तीही चांगल्या हाताच्या माणसाकडून. इथे उलटं, चेहरा आधी, कारण नंतर टोपी आणि बंदुकीच्या मधून ब्रश शिरत नाही. डोळे मात्र काढूच नका. २८ मिमीवर काढलेले डोळे म्हणजे भूत बघितल्यासारखा शिपाई. भुवईखाली बर्न्ट अंबरची सावली पुरते. केस साधे, तपकिरी किंवा काळे, मागे काळी रिबन. पावडर लावलेले पांढरे केस परेडला, चिखलातल्या शिपायाला नकोत.

रंग ताकासारखा पातळ हवा, कढीसारखा नको. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे.

आता लाल. इथे जरा थांबतो कारण इथेच सगळं कळतं. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून काढलेल्या रंगात रंगवायचे, तो स्वस्त, आणि रंग विटकरीकडे झुकणारा. ऑफिसरचा कोट कोचिनील किड्याच्या रंगाचा, महाग, लालभडक. म्हणजे एकाच बेसवर (पायाखालच्या तबकडीवर) उभ्या केलेल्या दोघांचा लाल सारखा असेल तर ते चुकलंय. शिपायासाठी व्हर्मिलियन तीन भाग, बर्न्ट सायना एक भाग. ऑफिसरसाठी व्हर्मिलियन तीन, क्रिमसन एक, सायना अजिबात नाही. दोन्ही कागदावर शेजारी शेजारी लावा, फरक लांबून दिसला पाहिजे.

सावलीला बर्न्ट अंबर मिसळा, काळा नाही, काळ्याने लाल मेल्यासारखा होतो. उजेडाला थोडा यलो ऑकर. पांढरा मिसळलात की गुलाबी, आणि गुलाबी रेडकोट मी आजवर इतके बघितलेत की विचारू नका.

१७५९ च्या शिपायाचा कोट, वेस्टकोट, विजार सगळंच लाल, मग ते एकच गोळा दिसत नाही का? दिसतं. म्हणून दोन कपड्यांच्या मधल्या खाचेत बर्न्ट अंबरची पातळ रेघ सोडा, आणि विजारीचा लाल कोटापेक्षा अगदी किंचित फिका ठेवा. वेस्टकोटच्या काठावर उजेडाची एक बारीक रेघ. बस.

तपासा: इथे मोबाइलने फोटो काढून झूम करा. डोळा माफ करतो, कॅमेरा करत नाही.

टप्पा ६: फेसिंग

पिवळा थेट लावू नका. आधी यलो ऑकरचा एक हात, तो झाकतो चांगला, मग लेमन यलो आणि पांढऱ्याच्या मिश्रणाचे दोन पातळ हात. ऑकर कडेला किंचित दिसू द्या, तीच सावली.

आधी दोन्ही लॅपल, मग दोन्ही कफ, मग मागचे टर्नबॅक, आणि हे सगळ्या शिपायांवर एकाच बैठकीत. मी आठ-आठच्या बॅचने करतो. चोवीसची बॅच काढली की पंधराव्याला कफ राहून जातो, हा अनुभव आहे. आणि पिवळा एकदाच भरपूर बनवून ठेवा, दुसऱ्या दिवशी तोच पिवळा परत जमत नाही.

थांबा: प्रशियन निळा आणि रॉयल रेजिमेंटचं निळं फेसिंग, दोन्ही गडद, जवळजवळ काळ्याकडे. आकाशी करू नका.

टप्पा ७: पट्टे, बंदूक, लेस

पांढरं म्हणून जे जे आहे ते आधी करड्या-पिवळट रंगात, मग वरच्या काठावर पांढरं. निव्वळ पांढरा फक्त शेवटच्या रेघेला. बफ पट्ट्याला ऑकर आणि पांढरा मिसळा. काडतूस पेटी काळी, पण तोही निव्वळ काळा नको, कडेला गडद करडी रेघ. खांद्यावरची पिशवी न धुतलेल्या मांजरपाटाच्या रंगाची. पाठीवरची केसाळ कातड्याची पिशवी तपकिरी, वर थोडा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने हलकेच घासलेला रंग.

बंदुकीत हमखास चूक. 'ब्राऊन बेस' या ब्रिटिश बंदुकीची फिटिंग पितळी, दस्त्याच्या टोकाची पट्टी, ट्रिगर गार्ड, बार ठासायच्या गजाच्या नळ्या. तिची नळी दस्त्याला पिनांनी अडकवलेली, बाहेरून कडी नाही. फ्रेंच बंदुकीला नळीवर तीन कड्या असतात आणि त्या लोखंडी, पितळी नाहीत. नळी दोघांचीही घासून चकचकीत केलेली, काळी नाही, काळी नळी आपल्या डोक्यात हल्लीच्या बंदुकांवरून बसलीये.

धातूच्या रंगाला पाण्याचा कप वेगळा ठेवा. तेच पाणी चेहऱ्याला लागलं की शिपायाच्या गालावर चांदी.

आता लेस. साध्या शिपायाची लेस पांढरी, त्यात रेजिमेंटप्रमाणे रंगीत धागे. ते धागे या मापावर रंगवायचा हट्ट धरू नका, मळकट पांढरी रेघ पुरे. काजांची लेस म्हणजे लॅपलवर आडव्या छोट्या रेघा, मोजून सारख्या अंतरावर. बटणं टूथपिकच्या टोकाने ठिपका देऊन करा, ब्रशपेक्षा गोल येतात. आणि रुपेरी, बरं का. पितळी बटणं लावून मोकळे होतात लोक, कारण पितळ छान दिसतं.

टप्पा ८: ऑफिसर, ढोलवाला, ग्रेनेडियर

ऑफिसरसाठी एकच नियम लक्षात ठेवा, धातू एक. रेजिमेंटच्या ऑफिसरची लेस चांदीची असेल तर बटणं चांदीची, गळ्यातला चंद्रकोरीसारखा गॉर्जेटही चांदीचा. सोन्याची असेल तर सगळं सोन्याचं. लेस सोनेरी आणि गॉर्जेट रुपेरी असा ऑफिसर दिसला तर रंगवणाऱ्याची चिठ्ठी अर्धवट होती. सॅश क्रिमसन, १७५९ ला उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला.

ढोलवाल्याचे रंग उलटे. १२ वीचा ढोलवाला म्हणजे पिवळा कोट, लाल फेसिंग. रॉयल रेजिमेंटचा मात्र लाल कोट निळं फेसिंगच.

ग्रेनेडियरची उंच टोपी, १७६८ च्या आधीची, पुढून फेसिंगच्या रंगाची, त्यावर मुकुट आणि राजाची अक्षरं, खालची छोटी झडप लाल आणि तिच्यावर पांढरा घोडा. ती कापडी आहे, भरतकाम आहे. पितळी पत्रा लावलेली टोपी प्रशियन ग्रेनेडियरची. ब्रिटिश टोपी पितळी रंगवून आणली की मी आता काही बोलत नाही, नुसता चहा पुढे करतो.

टप्पा ९: वार्निश

रंग दोन दिवस वाळू द्या. आधी ग्लॉस, तो कडक, हाताळणी सोसतो. तो वाळला की मॅट, नाहीतर शिपाई ओल्या उन्हात उभा असल्यासारखा चमकतो.

पहिल्या वर्षी जुलैमध्ये, बाहेर भुरभुर चालू असताना, मी बाल्कनीत चोवीस जणांवर मॅट स्प्रे मारला. घाई, दुसरं काय. अर्ध्या तासात सगळ्यांवर धुकं. लाल कोट खडूने घासल्यासारखे. रडायचं बाकी होतं. मग ब्रशने ग्लॉसचा पातळ हात दिला आणि धुकं बरंचसं विरघळलं, मॅट मी थेट दसऱ्यानंतर, ब्रशने दिला. तुमचंही असं झालं तर खरवडू नका, ग्लॉस लावा आणि वाट बघा.

टप्पा १०: झेंडा

झेंडा वार्निशनंतर, कागदावर. १७६८ च्या नियमात झेंडा साडेसहा फूट लांब, सहा फूट उंच आणि काठी नऊ फूट दहा इंच, म्हणजे आपल्या मापात साधारण ३५ मिमी, ३३ मिमी आणि काठी ५३-५४ मिमी. एका रेजिमेंटचे दोन झेंडे. एक राजाचा, म्हणजे ब्रिटनचा युनियन झेंडा. दुसरा रेजिमेंटचा, सगळं कापड फेसिंगच्या रंगाचं आणि कोपऱ्यात छोटा युनियन. म्हणजे १२ वीचा पिवळा.

थांबा: इंटरनेटवरून युनियन झेंडा प्रिंट करताना बघून घ्या. आजच्या झेंड्यातल्या तिरप्या लाल पट्ट्या १८०१ ला आल्या. अठराव्या शतकात तिरपं फक्त पांढरं आहे, आणि लाल फक्त सरळ क्रॉस.

कागदाची कडा पांढरी दिसते, ती त्याच पिवळ्याने रंगवा. मधोमध काठीभोवती दुमडून पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवा आणि ओला असतानाच पेनावर गुंडाळून लाटा द्या, वाळल्यावर कागद मोडतो. काठी हातात बसवली की झाकण टेबलावर ठेवा आणि सकाळपर्यंत हात लावू नका, आमच्याकडे तो पिवळा झेंडा दोनदा पडला, दोन्ही वेळा कारण एकच, वाळला का म्हणून बोट लावून बघितलं.